दलालाला परवाना, शेतकऱ्याला काय?

महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने १० जानेवारी २०२३ रोजी आदेश काढून घरे, गाळे आणि भूखंड यांचे व्यवहार जुळवून देणाऱ्या मध्यस्थांना वीस तासांचे प्रशिक्षण व त्यानंतरची परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. चारशेच्या वर उमेदवार तिला बसले आणि दहांत नऊहून अधिक उत्तीर्ण झाले. पूर्वीपासून नोंदलेल्या मध्यस्थांना प्रथम १ सप्टेंबर २०२३ पर्यंत आणि मग मुदत वाढवून १ जानेवारी २०२४ पर्यंत अवधी मिळाला. त्यानंतरही ज्यांनी प्रमाणपत्र दाखल केले नाही, अशा सुमारे २०,००० मध्यस्थांची नोंदणी २०२४ मध्ये वर्षभरासाठी स्थगित करण्यात आली. राज्यात नोंदलेल्यांची एकूण संख्या ४७,००० च्या आसपास होती, हे ध्यानात घेता कारवाई लहान नव्हती. तेव्हापासून दलालीच्या धंद्याला शिस्त लागली, आता सामान्य माणसाची फसगत होणार नाही, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रूढ होत चालली आहे. आपल्या पुरोगामी वर्तुळातही ती डोकावते.

ही समजूत मुंबई-पुण्याच्या मनोऱ्यांकडे पाहून तपासता येणार नाही. त्यासाठी नागपूरहून हिंगण्याच्या रस्त्याला लागले पाहिजे.

हिंगणा तालुक्यातील जमिनीवर गेल्या साठ वर्षांत एकामागून एक ओझी येऊन पडली आहेत. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे हिंगणा रस्त्यावर कारखान्यांची वसाहत उभी राहिली. तिच्या भोवती वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह, इसासनी या गावांच्या शिवारात कामगारांनी जमेल तशी घरे बांधली, कारण वसाहतीने त्यांना काम दिले, निवारा दिला नाही. नंतर नागपूर महानगर प्रदेशाची आखणी झाली. ७१९ गावे त्यात आली आणि २०१७ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निघाले. जानेवारी २०२० मध्ये सीताबर्डीहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो धावू लागली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. त्याचे नागपूरकडील तोंड याच तालुक्यात, शिवमडक्याला आहे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘नवीन नागपूर’ या नावाने आंतरराष्ट्रीय व्यापार व वित्त केंद्रासाठी गोधणी आणि लाडगाव या हिंगणा तालुक्यातील मौजांमधील सुमारे ६९२ हेक्टर जमीन संपादण्यास मान्यता दिली.

अशी प्रत्येक घोषणा होते तेव्हा गावात शासनाच्या आधी दलाल पोहोचतो. कायद्याच्या भाषेत तो ‘स्थावर संपदा एजंट’ असतो, जाहिरातीच्या भाषेत ‘प्रॉपर्टी सल्लागार’ असतो. गाव मात्र त्याला दलालच म्हणते आणि गावाचा शब्द अधिक अचूक आहे.

हा दलाल कोण असतो, हे नीट पाहिल्यावाचून त्याच्या परवान्याची चर्चा पोकळ ठरते. पांढऱ्या मोटारीतून उतरणारा शहरी व्यापारी हे त्याचे एक रूप झाले, पण संख्येने ते अल्प आहे. बहुसंख्य दलाल गावातलेच असतात. कोणी वसाहतीतला कारखाना बंद पडल्यावर बेकार झालेला कामगार, कोणी ज्याच्या बापाची शेती संपादनात गेली असा तरुण, कोणी ऑटोचालक, कोणी पानठेलेवाला, कोणी माजी ग्रामपंचायत सदस्य. कोणाच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाच्या भावाभावांत वाटणीचा तंटा आहे, कोणाची बँकेची थकबाकी वाढली आहे, हे त्याला ठाऊक असते. त्याचे भांडवल पैशाचे नसते, माहितीचे असते. एका बाजूस शेतकऱ्याच्या अडचणीची माहिती, दुसऱ्या बाजूस विकास आराखड्यात कोणत्या खसऱ्यावरून रस्ता जातो याची माहिती. या दोन माहित्या ज्यांच्याजवळ एकत्र येतात तो धनी होतो, ज्यांच्याजवळ त्यांतली एकच असते तो नागवला जातो. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. त्याआधी या प्रदेशात मालगुजार जमिनीवरच्या हक्काने श्रीमंत होता. त्याच्या जागी आलेल्या या माणसाजवळ जमिनीचा इंचही नसतो, तरी गावातील प्रत्येक इंचाचा भाव तोच ठरवतो.

आता कायदा या माणसाला कोठे गाठतो ते पाहू. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ याचे नववे कलम सांगते की, नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड, सदनिका किंवा इमारत प्रवर्तक नियोजन क्षेत्रात विकत असेल, तर ती विक्री जुळवणाऱ्या एजंटाने आधी स्वतःची नोंदणी केली पाहिजे. दहावे कलम सांगते की त्याने नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करू नये, हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात, खोटी आश्वासने देऊ नयेत आणि ग्राहकाला कागदपत्रे मिळवून द्यावीत. तरतुदी चांगल्या आहेत. पण या वाक्यांतील प्रत्येक शब्दामागे एक दार उघडे राहिले आहे. ‘प्रकल्प’ म्हटले की शेतजमिनीचा सौदा बाहेर गेला. ‘प्रवर्तक विकत असेल’ म्हटले की एकदा विकलेल्या भूखंडाची फेरविक्री बाहेर गेली. तिसऱ्या कलमाने ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला प्रकल्प-नोंदणीतून सूट दिली, तेव्हा लहान तुकडाही बाहेर गेला. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ते नऊ नावांवर नऊ तुकड्यांत मांडले की प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसतो. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा अशा वेळी आडवा यावयास हवा, पण त्याची काय गत झाली हे पुढे येईलच.

म्हणजे हिंगण्याच्या शिवारात दलालाचा जो मुख्य उद्योग, शेतकऱ्याकडून जमीन काढून घेण्याचा, त्याला ना परवाना लागतो, ना प्रशिक्षण, ना परीक्षा. वीस तासांचे ज्ञान आणि प्रमाणपत्र लागते ते तीच जमीन रंगीत फलकावरचा ‘प्रकल्प’ होऊन शहरी ग्राहकासमोर येते तेव्हा. कायद्याने ग्राहकाला नागरिक मानले आणि शेतकऱ्याला कच्चा माल मानले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

बयाण्याच्या चिठ्ठीचे उदाहरण घ्या. समजा, एका शेतकऱ्याची एकरभर जमीन दलालाने ६० लाखांना ठरवली. एक लाख रुपये बयाणा देऊन त्याने बयाणापत्र करून घेतले आणि विक्रीपत्रासाठी सहा किंवा अकरा महिन्यांची मुदत ठेवली. पुष्कळदा त्यासोबत आममुखत्यारपत्रही लिहून घेतले जाते. त्या मुदतीत दलाल खरा खरेदीदार शोधतो. समजा, तो ७५ लाख द्यायला तयार झाला, तर विक्रीपत्र शेतकरी आणि खरेदीदार यांच्यात होते आणि मधले १५ लाख दलालाच्या खिशात जातात. एका लाखाच्या गुंतवणुकीवर पंधरा लाख! खरेदीदार न मिळाल्यास मुदत वाढवून मागितली जाते आणि शेतकरी अडकून बसतो, कारण बयाण्याचे पैसे त्याने खर्च करून टाकलेले असतात. आममुखत्यारपत्रावर विक्रीचे व्यवहार करून मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही मुखत्यारपत्रे निघतच राहिली, कारण ती मालकीसाठी निघत नाहीत. शेतकऱ्याच्या हाताला दोरी बांधण्यासाठी ती निघतात, आणि त्या कामी ती पुरेशी असतात.

यात बेकायदा असे काय आहे, असे विचारले जाईल. बव्हंशी काही नाही, आणि खरे दुखणे तेच आहे. दलाल शेतकऱ्याचा प्रतिनिधी म्हणून बोलतो, खरेदीदाराचाही प्रतिनिधी म्हणून बोलतो आणि प्रत्यक्षात स्वतःसाठीच व्यापार करतो. या तीन भूमिकांपैकी कोणती एक त्याने घेतली आहे, हे लेखी सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. बाजार समितीच्या आवारात अडत्याला १९६३ च्या कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्याची तुरीची पोती विकणाऱ्यासाठी परवाना हवा आणि तूर पिकवणारी जमीनच विकणाऱ्यासाठी नको, हा कोणता न्याय?

या सौद्यांचा एक परिणाम असा आहे की ज्याने जमीन विकलीच नाही तोही त्यात बुडतो. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातील सव्विसाव्या कलमानुसार मोबदला ठरवताना मुद्रांक शुल्कासाठीचा दर आणि परिसरातील मागील तीन वर्षांच्या विक्रीपत्रांपैकी अधिक किमतीच्या निम्म्या विक्रीपत्रांची सरासरी, अशा गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांतील मोठा आकडा धरला जातो. पण विक्रीपत्रावर खरी किंमत असते कोठे? शासकीय दराइतकी रक्कम कागदावर आणि उरलेली रोख, ही रीत दलालच शिकवतो. शुल्क वाचले, कर वाचला, असे दोन्ही पक्षांना वाटते. दोन-तीन वर्षांनी शेजारच्या मौजात संपादनाची अधिसूचना निघते तेव्हा ही खोटी विक्रीपत्रे पुराव्यादाखल पुढे येतात आणि सरासरीचा आकडा शासकीय दराच्या वर सरकत नाही. शेतकरी म्हणतो, बाजारभाव याच्या दुप्पट आहे. अधिकारी म्हणतो, कागद दाखवा. हिंगण्यासारख्या तालुक्यात, जेथे एक संपादन संपते न संपते तोच दुसरे सुरू होते, तेथे दलालाच्या रोखीच्या व्यवहाराचा भुर्दंड असा सबंध पंचक्रोशीला पडतो. वीस तासांत हे शिकवले जाते काय? शिकवले तरी, ते ज्याला कळावयास हवे तो शेतजमिनीचा दलाल त्या वर्गात बसलेलाच नसतो.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. वसाहतीत कंत्राटी काम करणारा मजूर पै-पै साठवून, पतसंस्थेचे कर्ज काढून, हजार चौरस फुटांचा भूखंड घेतो. नागपूरच्या भूखंडबाजाराची स्वतःची एक परिभाषा आहे. ‘एनएटीपी’ म्हणजे अकृषक परवाना आणि नगररचना विभागाची मंजुरी असलेला भूखंड, ‘आरएल’ म्हणजे नियमित केल्याचे पत्र मिळालेला भूखंड. ही दोन अक्षरसंक्षेपांची मोहर ज्याच्यावर नाही तो भूखंड स्वस्त मिळतो आणि मजुराला तोच परवडतो. ‘होऊन जाईल’ हे दलालाचे शब्द त्या व्यवहारात मालकीच्या कागदाचे काम करतात. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हाती देऊन घर विकल्याचे सांगितले जाते. तो उतारा कर आकारणीचा असतो, मालकीचा नव्हे, हे ग्राहकाला पुष्कळ वर्षांनी बँकेत कर्ज मागताना कळते. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, असे विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या कुळकायद्याचे ८९ वे कलम सांगते. आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही, असे जमीन महसूल संहितेचे ३६-अ कलम सांगते. तालुक्यात गोंड कुटुंबे आहेत, त्यांच्या सातबारावरची ती अट कोणाच्या डोळ्यांना दिसते आणि कोणाच्या दिसत नाही, हा योगायोगाचा भाग नसतो.

नागपूर शहरात ‘५७२’ आणि ‘१९००’ हे दोन आकडे ज्याला ठाऊक नाहीत असा भूखंडधारक विरळा. अनधिकृत अभिन्यासांच्या त्या दोन याद्या. सुधार प्रन्यासाच्या डोळ्यांदेखत ते उभे राहिले, आणि तेथील रहिवाशांना रस्ता, नाली, नळ यांसाठी वर्षानुवर्षे विकास शुल्काच्या पावत्या घेऊन फिरावे लागले. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला आणि त्याने १ जानेवारी २००१ ही सीमारेषा आखली. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती रेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकली. २०२५ मध्ये तुकडेबंदीचे निर्बंधही नागरी भागांपुरते सैल करण्याचे पाऊल शासनाने उचलले. राहणाऱ्याला संरक्षण मिळाले पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. गरिबाने घेतलेले घर पाडा, असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक वेळी नियमित झाला तो ग्राहक, शुल्क भरले ते ग्राहकाने. ज्याने तो तुकडा पाडून विकला आणि ज्याने तो विकायला मदत केली, त्या दोघांचे नाव कोणत्याही वहीत आले नाही. सीमारेषा सरकली की दलालाला पुढील वीस वर्षांसाठी विक्रीचे वाक्य मिळते: मागच्यांचे झाले, तुमचेही होईल.

प्रशिक्षणाच्या दर्जाबद्दलही बोलले पाहिजे. वीस तास म्हणजे दिवसाचे आठ तास धरले तर अडीच दिवस. विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले तेव्हा, २००० मध्ये, नव्या विमा एजंटासाठी १०० तासांचे प्रशिक्षण नियामकाने ठेवले होते. पुढे धंदेवाल्यांच्या सोयीसाठी ते आधी निम्मे आणि मग आणखी कमी झाले, ही गोष्ट वेगळी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, जेथे खासगी मालमत्तेचे स्तोत्र रोज गायले जाते, तेथे विक्री प्रतिनिधीला परवान्याच्या परीक्षेस बसण्यापूर्वी १३५ तासांचे तीन अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. पण तासांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत: शिकवतो कोण आणि शिकवतो काय? आपल्याकडे हे प्रशिक्षण देण्याची मुभा ज्यांना मिळाली त्यांत विकासकांच्या संघटनाही आहेत. गिरणीमालकांच्या संघटनेने कारखाना निरीक्षक तयार करावेत, तसाच हा प्रकार! विकासकाचा माल विकणाऱ्याला विकासकच ग्राहकहिताचे धडे देणार. अभ्यासक्रमाचा रोखही प्राधिकरणाच्या कायद्याकडे, त्याच्या अर्जांकडे आणि संकेतस्थळाकडे आहे. ते निरुपयोगी नाही. पण हिंगण्यात व्यवहार बिघडतो तो सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात, न झालेल्या फेरफारात, बहिणींच्या न सोडलेल्या हिश्श्यात, आणि आराखड्यात शेती विभागात असलेल्या खसऱ्याला निवासी सांगण्यात. तलाठ्याजवळ, म्हणजे या भागाच्या बोलीत पटवाऱ्याजवळ, बसून जे शिकावे लागते ते परीक्षेच्या पडद्यावर येत नाही.

आणि नियम मोडला तर? बासष्टाव्या कलमाखाली एजंटाला दिवसाला १०,००० रुपये दंड आहे. हा दंड वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, त्यापुढे नाही. २० लाखांच्या भूखंडावर ही कमाल मर्यादा एक लाख रुपये होते, म्हणजे दहा दिवसांत मीटर थांबतो. त्याच भूखंडावर दोन्ही बाजूंकडून दोन-दोन टक्के दलाली धरली तर ८०,००० रुपये मिळतात. समजा, दहांपैकी एक व्यवहार उघडकीस आला आणि त्यावर कमाल दंड बसला, तर दर व्यवहारामागे दंडाचा बोजा पडला १०,००० रुपयांचा. ८०,००० मिळवण्यासाठी १०,००० चा धोका कोणता व्यापारी पत्करणार नाही? दंड हा अशा रीतीने शिक्षा न राहता धंद्याचा एक किरकोळ खर्च होतो. दहांत एक हे प्रमाणसुद्धा उदारपणे धरलेले आहे, कारण तक्रार करावयाची ती ग्राहकाने, आणि कंत्राटी मजुराला एका सुनावणीसाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते.

यावर दोन दिशांनी आक्षेप येतात. पहिला आक्षेप मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांचा. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच मांडले होते की धंद्यांचे परवाने ग्राहकाच्या नावाने मागितले जातात आणि धंद्यात आधीच असलेल्यांचे कोट बनतात. नव्याला, गरिबाला ते बाहेर ठेवतात. या युक्तिवादाची थट्टा करून भागणार नाही, त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रात व्यक्तीला नोंदणीसाठी १०,००० रुपये शुल्क आहे, त्यावर प्रशिक्षणाचा आणि परीक्षेचा खर्च. इसासनीचा बेकार तरुण हे कोठून आणणार? तो मग नोंदणीकृत मोठ्या दलालाचा बिननोंदणीचा हस्तक होतो, पायपीट त्याची आणि दलाली दुसऱ्याची. पण फ्रीडमन यांचा उपाय, सारे खुले सोडून द्या आणि वाईट दलाल आपोआप बुडेल, हा जमिनीच्या बाजारात टिकत नाही. साखरेचे दुकान वाईट निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या आठवड्यात दुकान बदलते. जमीन माणूस आयुष्यात एकदा विकतो आणि एकदा घेतो, त्याला अनुभवाने शहाणे होण्याची दुसरी संधी नसते. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवून दिले. भूखंडाला तर बॉनेट उघडून पाहण्याची सोयही नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. काही साथी म्हणतात, दलाल ही व्यवस्थेची बांडगुळे; त्यांना शिकवून-सवरून प्रतिष्ठा कशाला द्यावयाची? जमिनीचा व्यापारच संपला पाहिजे. हे म्हणणे तात्त्विक दृष्ट्या कितीही शुद्ध असले तरी त्याचा इतिहास उत्साहवर्धक नाही. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ मध्ये आला. जमिनीचा साठा मोडून तो गरिबांच्या घरांसाठी वापरावयाचा, हा त्याचा हेतू. सवलतींच्या कलमांनी त्याला आतून पोखरले आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो रद्द केला, तेव्हा रस्त्यावर येण्याइतके त्याचे पाठीराखे उरले नव्हते. जमिनीचा व्यापार संपेपर्यंत व्यापाराच्या अटींकडे दुर्लक्ष करावयाचे, याचा व्यवहारातील अर्थ एवढाच होतो की अटी विकासकांनी लिहाव्यात. शिवाय बांडगूळ म्हणून ज्याची संभावना होते तो गावातला लहान दलाल अनेकदा विस्थापित शेतकऱ्याचा मुलगाच असतो. त्याला पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, सौदा फिसकटला तर सहा महिन्यांची पायपीट वाया जाते. त्याला शत्रू ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तो कोणासाठी राबतो हे विचारणे अधिक फलदायी ठरेल.

तेव्हा परवाना नको, ही भूमिका घेता येत नाही. आहे तो परवाना पुरे, हीही घेता येत नाही. परवान्याचा पाया बदलावा लागेल. त्याची कक्षा प्रकल्पावरून व्यवहारावर आली पाहिजे. शेतजमीन असो, फेरविक्री असो की नवा अभिन्यास, मोबदला घेऊन जो जमीन मिळवून देतो तो परवानाधारक असला पाहिजे आणि दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवताना मध्यस्थाचे नाव, क्रमांक व त्याने घेतलेली रक्कम दस्तातच लिहून घेतली पाहिजे. हा एक रकाना आला तरी बयाण्याच्या चिठ्ठीवरचे पंधरा लाख उजेडात येतील. सिंगापूरमध्ये २०१० च्या कायद्याने यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले आहे. तेथे एकाच व्यवहारात दोन्ही पक्षांचे प्रतिनिधित्व करण्यास एजंटाला मनाई आहे आणि मालमत्तेच्या खरेदी-विक्रीचे पैसे त्याच्या हातातून जाऊ दिले जात नाहीत. सिंगापूर हे काही समाजवादी राष्ट्र नव्हे. भांडवलदारी व्यवस्थेलाही आपला बाजार चालवण्यासाठी जे करावे लागते ते आपल्याकडे होत नाही, याचे कारण अज्ञान नाही. रोखीची वाट बंद झाली तर कोणाकोणाच्या निवडणुका अडतील, याचा हिशेब येथील सत्ताधाऱ्यांना पक्का ठाऊक आहे, आणि त्यात कोणत्याही एका पक्षाला वगळण्याचे कारण नाही.

प्रशिक्षण सार्वजनिक हवे. ते विकासकांच्या संघटनेकडे नको, तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत द्यावे. मराठीत द्यावे आणि अल्प उत्पन्नाच्या उमेदवाराला शुल्कमाफी असावी. शिकवण्यासाठी निवृत्त भूमापक आणि पटवारी मिळू शकतात, ज्यांनी आयुष्यभर हेच कागद लिहिले. लहान दलालांची सहकारी संस्था होऊ शकते काय, हा प्रश्नही विचारात घेण्याजोगा आहे. दुधाची, विडीची, मजुरांची संस्था होते, मग माहिती विकणाऱ्यांची का होऊ नये? ती सोपी नाही, कारण या धंद्यात प्रत्येकाचे भांडवल दुसऱ्यापासून लपवण्यावर उभे आहे. पण ठरलेला दर आणि लेखी पावती या दोन गोष्टींवर दहा-वीस तरुण जरी एकत्र आले तरी मोठ्या दलालाचे हस्तक होण्यातून त्यांची सुटका होईल.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. गोधणी-लाडगावचे संपादन आणि त्याच्या आजूबाजूच्या मौजांतील सौदे त्यासाठी थांबणार नाहीत. हिंगणा तालुक्यातील कार्यकर्त्यांना आजच करता येण्याजोगे काम आहे. दर आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराजवळ एक टेबल मांडून सातबारा, फेरफार आणि आराखड्यातील विभाग वाचून दाखवावेत. बयाणापत्रावर सही करण्याआधी ते आणून दाखवा, असे गावोगाव सांगावे. ग्रामसभेत ठराव करून गावच्या शिवारात वर्षभरात झालेल्या विक्रीपत्रांची यादी चावडीवर लावण्याची मागणी करावी. वानाडोंगरी आणि डिगडोहच्या कामगार वस्त्यांत हेच टेबल रविवारी लागावे, कारण मजुराची सुट्टी तेव्हा असते. दलाल त्याच दिवशी भूखंड दाखवायला मोटार पाठवतो.